पाटणादेवीच्या जंगलातला धबधबा: एका दिवसाची वाट कशी आखावी

पाचोऱ्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: "आम्ही नऊ जण आहोत. त्यात १० आणि १२ वर्षांची दोन मुलं आणि माझ्या सासूबाई. त्यांचं वय ५९, पण रोज तासभर चालतात. रविवारी सकाळी निघून पाटणादेवीच्या जंगलातला धवलतीर्थ धबधबा बघायचा आणि रात्रीच्या जेवणाला घरी यायचं, असं ठरवतोय. जमेल का? किती चालावं लागेल? बरोबर काय घ्यायचं? आणि भर पावसात जावं की पाऊस ओसरल्यावर?"

ताई, जमेल. पण तुमचे प्रश्न मी उलट्या क्रमाने घेतो, कारण शेवटी विचारलेला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. गेली बावीस वर्षं मी या डोंगरात शाळेची पोरं, शिक्षक, घरचे-दारचे असे गट घेऊन जातो आहे. जो तो आधी विचारतो, "किती किलोमीटर?" मी मात्र आधी हे बघायला सांगतो: त्या धबधब्याचं पाणी येतं कुठून, आणि आज तिथे आभाळ कसं आहे?

पाटणादेवी चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या अगदी पोटात आहे. देवळासमोर उभं राहिलं की समोर आणि दोन्ही हातांना कडेच कडे दिसतात. त्या कड्यांच्या डोक्यावर पठार आहे आणि ते कन्नड तालुक्याचं, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं. पाऊस पडतो मराठवाड्याच्या माथ्यावर आणि पाणी उतरतं आपल्या खानदेशात. हा सगळा काळा पाषाण, लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. वर माती जेमतेम वीतभर. एकदा ती भिजून तृप्त झाली की पुढचं पाणी जिरायला जागाच नाही, ते सरळ नाल्याला लागतं. त्यामुळे इथले नाले दिवसभर हळूहळू चढत नाहीत. ते एकदम येतात.

३० ऑगस्ट २०२१च्या रात्री माथ्यावर आणि घाटात जोराचा पाऊस झाला. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला, डोंगरी आणि तितूर या नद्यांना पूर आला आणि ३१ तारखेला चाळीसगावात घराघरांत, दुकानांत पाणी शिरलं. काठच्या गावांतली गुरं दावणीला बांधलेलीच वाहून गेली. तुम्ही पाचोऱ्याच्या, तुम्हाला हे सांगायला नको. पण ज्या नाल्यातून चालत तुम्ही धबधब्याकडे जाणार, तो त्याच पाणलोटातला आहे, एवढं लक्षात ठेवा.

म्हणून हवामानाचा अंदाज बघताना एक चूक बहुतेक जण करतात, ती तुम्ही करू नका. हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे जिल्ह्यागणिक येतात. आपण जळगाव जिल्हा उघडतो, तिथे काही नसलं की निर्धास्त होतो. तुम्ही छत्रपती संभाजीनगरचाही बघा. शनिवारी संध्याकाळी एकदा, रविवारी सकाळी निघताना पुन्हा. दोन्हींपैकी कुठेही नारिंगी किंवा लाल असेल तर नाल्यात उतरायचं नाही, मग देवळावर लख्ख ऊन का पडलेलं असेना. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं मोबाइल ॲप आहे, ते आसपास वीज पडण्याची शक्यता दाखवतं. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा फार होतात, तेव्हा तेही फोनमध्ये असू द्या.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये आम्ही चौदा जण धवलतीर्थाकडे निघालो होतो. आभाळ निळं, पाणी घोट्याइतकं. वाटेत एक गुराखी आजोबा भेटले. त्यांनी माथ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "वर पानी पडी ऱ्हायनं भाऊ, आते नका जा." मला माथ्यावर एक करडा पट्टा तेवढा दिसला. मी त्यांना नमस्कार केला आणि गट पुढे नेला. तो निर्णय माझा होता आणि तो चुकला. परतताना आधी पाण्यावर वाळकी पानं आणि काटक्या येऊ लागल्या. मग पाण्याचा रंग दुधाच्या चहासारखा झाला. मग आवाज आला, दुरून मालगाडी यावी तसा. वीस मिनिटांत घोट्याचं पाणी कमरेला लागलं. सुदैवाने आम्ही सगळे एकाच काठावर होतो. वर चढून एका सपाट दगडावर तीन तास बसलो, अंधार पडायच्या जरा आधी पाणी उतरलं तेव्हा पार झालो. तेव्हापासून गुराख्याचा, लाकूडफाटा आणणाऱ्या बाईचा, वनरक्षकाचा शब्द माझ्यासाठी कुठल्याही अंदाजापेक्षा मोठा आहे. वाटेत जो भेटेल त्याला थांबून विचारा, "वर पाऊस आहे का?" आणि तो "जाऊ नका" म्हणाला तर वाद न घालता मागे फिरा.

ती तीन चिन्हंही मुलांना पाठ करून द्या: पाण्यावर कचरा, पाण्याला रंग, पाण्याचा बदललेला आवाज. यांतलं एक जरी दिसलं तरी बूट, डबा, टॉवेल काही गोळा करत बसायचं नाही, जवळच्या उंच काठावर चढायचं. कोणत्या काठावर, तेही ठरलेलं असावं: परतीची वाट ज्या बाजूला आहे त्या.

आता कधी जायचं ते. खानदेशात वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. जूनमध्ये तर डोंगर तहानलेलाच असतो, एखाद्या सरीने धबधबा दोन दिवस दिसतो आणि आटतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी असतं, पण गढूळ आणि बेभरवशाचं. माझा कौल पोळा झाल्यावर ते नवरात्र बसेपर्यंतच्या दिवसांना. तोवर माथ्याची जमीन भिजलेली असते, झरे सुटलेले असतात, पाऊस नसला तरी पाणी चालू राहतं आणि नितळ असतं. रान हिरवंगार असतं आणि मुलांना खेकडे, बेडूक, फुलपाखरं बघायला मिळतात. नवरात्रात मात्र देवीची मोठी यात्रा भरते. गर्दीत तुमचा गट सांभाळणं अवघड, तेव्हा ते नऊ दिवस देवदर्शनाला जा, धबधब्याला नको. दिवाळीनंतर गेलात तर ओला कातळ बघून याल.

भादव्याचं ऊन कमी समजू नका. दमट हवेत दोन तास दगडांवरून चाललं की चांगले धट्टेकट्टे गडी गळून जातात. माणशी कमीत कमी २ लिटर पाणी, मोठ्यांनी ३. नाल्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी पिऊ नका, वर गुरं चरतात.

वेळेचा हिशोब असा. सकाळी सहाच्या सुमारास घर सोडा. पाचोऱ्याहून चाळीसगाव रेल्वेने पाऊण तासाचं अंतर, गाडीने आलात तर थोडं जास्त. चाळीसगावला पोहे-चहा उरकून साडेआठच्या आत पाटणादेवी. एसटीच्या भरवशावर येणार असाल तर आगारात परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्या. नऊ जणांना मला तरी एक मोठी गाडी ठरवणंच सोयीचं वाटतं. ड्रायव्हरला दिवसभर थांबवा, कारण जंगलात फोन लागेलच असं नाही आणि संध्याकाळी तिथे दुसरं वाहन शोधणं मुश्कील.

हे सगळं गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत येतं. १९८६ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नावं लिहायची, पावती फाडायची आणि तिथल्या कर्मचाऱ्याला स्पष्ट विचारायचं: आज धवलतीर्थाकडे सोडताय का, पाणी किती आहे, वाटाड्या मिळेल का? पावसाळ्यात प्रशासन कधी कधी अशा जागा बंद ठेवतं. बंद असेल तर मागच्या बाजूने घुसायचं नाही. पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाने वाटाड्या घ्यावाच. जाणकार माणूस बरोबर असला की नाला कुठून ओलांडायचा यावर डोकं खपवावं लागत नाही, शिवाय एका घरी चार पैसे जातात.

चालण्याचं अंतर ऐकून फसू नका. सपाट रस्त्यावर आपण तासाला चार-पाच किलोमीटर जातो. दगडधोंड्यांच्या नाल्यात, मुलं आणि सासूबाई बरोबर असताना, तासाला दीड-दोन झाले तरी पुष्कळ. आणि परतताना, पाय थकलेले असताना, तेवढाच किंवा जास्त वेळ लागतो, कमी नाही. घसरून पडणारे बहुतेक परतताना पडतात. म्हणून एक वेळ ठरवा आणि ती सगळ्यांना सांगून ठेवा: दुपारचा दीड. दीड वाजला की जिथे असाल तिथून मागे. धबधबा समोर दिसत असला तरी. दुपारनंतर ढग जमतात, कड्यांच्या सावलीमुळे दरीत अंधार लवकर पडतो, आणि बिबट्या, अस्वल, रानडुक्कर यांच्या फिरण्याची वेळही संध्याकाळचीच. या एका नियमावरून माझ्यावर कितीतरी जण रुसले आहेत. मी तो मोडलेला नाही.

चालताना सगळ्यांत पुढे वाटाड्या, सगळ्यांत मागे तुमच्यातला सगळ्यांत शांत माणूस. मुलं मधे. वेग सासूबाईंचा. त्या थांबल्या की सगळे थांबले. रोज तासभर चालणाऱ्या माणसाचा दम टिकतो, पण सपाट रस्त्याची सवय असलेल्या गुडघ्यांना दगडावरून दगडावर उतरणं जड जातं. त्यांना एक चांगली काठी द्या, आणि पाठीवर काही देऊ नका. पायात पकड असलेले बूट हवेत, चांगले वापरलेले. कोरे बूट पहिल्यांदा इथे घालू नका, तळ गुळगुळीत झालेले तर नकोच. ओल्या काळ्या दगडावर हिरवट-काळं शेवाळ असतं, त्यावर कुठलाच बूट टिकत नाही. कोरडा, खरबरीत, रंगाने फिका दगड बघून पाय टाका. चपला घालून येऊ नका आणि अनवाणीही चालू नका.

नाला ओलांडायचा नियम सोपा आहे: तुमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलाच्या गुडघ्याच्या वर पाणी असेल, किंवा तळ दिसत नसेल, तर ओलांडायचं नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. म्हणून सकाळी सहज वाटलेलं पाणी जरासं वाढलं तरी पाय उचलून नेतं. ओलांडताना तोंड वरच्या दिशेला, जिकडून पाणी येतं तिकडे. काठी पुढे रोवायची, एका वेळी एकच पाय हलवायचा. पाठीवरच्या सॅकचे कमरेचे, छातीचे पट्टे सोडून ठेवायचे, पडलं तर सॅक टाकून देता यावी. दोर बरोबर असावा, पण तो कोणाच्याही कमरेला बांधून पाण्यात उतरू नका. दोर अडकला तर माणूस पाण्याखाली दाबला जातो.

धबधब्यापाशी पोचलात की आधी पाच मिनिटं लांब उभं राहून बघा. कुंड किती मोठं आहे, वरून दगड येतात का, माकडं आहेत का. माकडं कड्यावरून चालली की खडे सुटतात. शंभर फुटांवरून सुटलेला मुठीएवढा दगड खाली येईपर्यंत ताशी ८५ किलोमीटरहून जास्त वेगाने येतो. म्हणून धारेच्या बरोबर खाली बसायचा मोह टाळा. ज्या फोटोंत लोक धारेखाली हात पसरून उभे असतात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. मुलांना भिजायचंच असतं, आणि ते भिजलेच पाहिजेत, नाहीतर आले कशाला! त्यांना कुंडाच्या खाली, जिथे पाणी पसरून उथळ वाहतं तिथे मनसोक्त खेळू द्या. एका मोठ्या माणसाने तेव्हा हातातला फोन ठेवून द्यायचा आणि मुलांवर नजर ठेवायची, दुसरं काही करायचं नाही. कुंडात पोहू नका, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. पडत्या पाण्याने कातळ आतून कोरलेला असतो, तळाशी भोवरा असतो, आणि फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने अंग नेहमीसारखं तरंगत नाही.

कोणी पाण्यात गेलंच तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असेच घरचे घर बुडतात. त्यासाठी मी नेहमी पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन बूच घट्ट लावून नेतो, त्याला पंधरा-वीस मीटर दोर बांधलेला. तो फेकता येतो, तरंगतो, आणि धरायला मूठ असते. खर्च काही नाही. घरच्या अंगणात मुलांना फेकायला लावा, त्यांना खेळ होईल आणि हातही बसेल.

खाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार! तरी सुचवतो: दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची फोड, उकडलेले बटाटे, गुळ-शेंगदाणे. केळी न्या, पण वरच्या खणात, नाहीतर सगळ्या सॅकचं शिकरण होतं. शेवभाजी-भाकरी परतल्यावर चाळीसगावात. तेलकट-तिखट खाऊन दगडांतून चालणं त्रासाचं. मीठ-साखरेच्या पुड्या, म्हणजे ओआरएस, चार-पाच असू द्या. बाकी: प्रत्येकाला एक कोरडा कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, एक टॉर्च (दिवसाची सहल असली तरी), शिट्टी, चिकटपट्टी आणि रुंद क्रेप बँडेज, सासूबाईंची रोजची औषधं दोन दिवसांची. छत्री नको, नाल्यात एक हात अडकतो. साधा रेनकोट बरा.

सापांची भीती मनात असेलच. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चारही विषारी साप आहेत. फुरसं लहान असतं, मातीच्या रंगाचं, दगडाखाली, पालापाचोळ्यात बसून राहतं. म्हणून हात तिथेच ठेवायचा जिथे डोळ्यांना दिसतं, आणि बसण्याआधी काठीने दगड ठोकायचा. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. अंगठी, बांगड्या, बूट काढायचे, तो हात किंवा पाय फांदीला बांधून स्थिर करायचा, माणसाला न चालवता उचलून आणायचं आणि १०८ला फोन करून थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात. भगताकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

सापापेक्षा मला जास्त धाक वाटतो तो आग्या मोहोळाचा. कड्यांच्या कपारीत काळी पोळी लोंबताना दिसतील. त्यांच्या खाली आरडाओरडा, विडी-सिगारेट, शेकोटी, फटाके, ड्रोन काही नको. अंगाला अत्तर लावून येऊ नका. माश्या उठल्याच तर तोंड झाकून झाडीत पळायचं, हात झाडायचे नाहीत.

आता सासूबाईंबद्दल. नाक्यावरच्या माणसाने पाणी जास्त सांगितलं, किंवा त्यांनाच पहिल्या दोनशे पावलांत नको वाटलं, तर गटाचे दोन भाग करा. देवळापाशी थांबणाऱ्याचा दिवस वाया जाणार नाही. देवीचं देऊळ यादवकाळातलं, दगडी, कोरीव. पाटण गावाजवळ महादेवाचं जुनं देऊळ आहे. आणि याच पाटणला भाऊ दाजी लाड यांना तो शिलालेख सापडला, ज्यात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' आणि आजोबांचे इतर ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७. मुलांना शून्याने भागण्याची गोष्ट तिथे बसून सांगा, वर्गात सांगितल्यापेक्षा जास्त लक्षात राहते. पलीकडे कण्हेरगड आहे, नागार्जुन आणि सीतेची न्हाणी ही कोरीव लेणी आहेत, पण ती चढण पावसाळ्यात निसरडी, ती हिवाळ्यासाठी राखून ठेवा. पितळखोऱ्याची लेणी बघायची तर तीही वेगळ्या दिवशी आणि वरून, कन्नडच्या बाजूने. खालून दरीतून चढून जाणारे असतात, पण ती वाट नऊ जणांच्या घरगुती गटाची नाही.

कचरा सगळा परत आणायचा हे तुम्हाला सांगावं लागू नये, पण एक गोष्ट सांगतो: केळीची सालं आणि उरलेल्या दशम्याही परत. जंगलात टाकलेल्या अन्नाला माकडं सवकतात आणि मग पुढच्या गटातल्या मुलाच्या हातातली पिशवी ओढतात.

शेवटचं काम शनिवारी रात्री करायचं. घरी राहणाऱ्या एका जबाबदार माणसाला कागदावर लिहून द्या: कोण कोण गेलं आहे, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा आणि वाटाड्याचा फोन, "दीडला परत फिरणार, पाचपर्यंत देवळापाशी, सहापर्यंत चाळीसगाव." खाली लिहा, "साडेसातपर्यंत फोन आला नाही तर ११२ला कळवा." दरीत रेंज नसते, तेव्हा मधल्या वेळात फोन लागला नाही म्हणून घाबरू नका हेही त्याला सांगा. आणि संध्याकाळी चाळीसगावात शेवभाजीची ऑर्डर द्यायच्या आधी त्याला फोन करा.